साहेबांचं शनिवारचं टेबल चालू राहावं

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात पंधरवड्यापूर्वी निधनवार्तेच्या रकान्यात एका निवृत्त शाखा व्यवस्थापकांच्या जाण्याची बातमी चार ओळींत आली. माजी सैनिक, बँकेचे निवृत्त मॅनेजर, धार्मिक वृत्तीचे, पश्चात दोन मुली, जावई, नातवंडं. चारही ओळी खऱ्या आहेत आणि माझी त्याबद्दल काही तक्रार नाही. रकान्यात जागा तेवढीच असते. पण त्यांच्या हाताखाली मी कॅशमध्ये काम केलं, पुढे त्यांच्या शेजारी बसून पेन्शनीचे अर्ज भरले, आणि त्या चार ओळींत न आलेलं बरंच काही या जिल्ह्यातल्या लोकांच्या उपयोगाचं आहे. पत्र लांबलं आहे. काटछाट करावी लागली तर सुरुवातीचं काढा, त्यांच्या शनिवारच्या टेबलाचं, म्हणजे शेवटचं पेन्शनीचं तेवढं ठेवा. त्यांचं नाव मी लिहीत नाही, घरच्यांची तशी इच्छा आहे. ज्यांना ओळखायचं ते ओळखतीलच. आम्ही सगळे त्यांना साहेबच म्हणायचो.

निवृत्त कर्मचाऱ्यांनी शोकसभा घेतली. बोलायला उठलेल्या जवळजवळ प्रत्येकाने एकच गोष्ट सांगितली : मिलिटरीचा माणूस, अंगात शिस्त, म्हणून बुडायला आलेली शाखा वर आली. माजी सैनिकांनी त्यांच्या पदकांबद्दल सांगितलं. चर्चची मंडळी त्या सभेला नव्हती. त्यांनी दफनाच्या दिवशी प्रार्थना केली, गीतं म्हटली आणि आपापल्या घरी गेली. तिथे बँकेतले आम्ही दोघं-तिघंच होतो. म्हणजे बँकेतल्यांना चर्चमधले साहेब ठाऊक नाहीत आणि चर्चमधल्यांना बँकेतले. मी दोन्हीकडे होते. माझं मत असं, की आपण बँकेत ज्या गोष्टीसाठी त्यांना डोक्यावर घेतलं, ती त्यांनी पलटणीत थोडी आणि चर्चमध्ये जास्त शिकली होती. मी स्वतः वारकऱ्यांच्या घरातली, गळ्यात माळ आहे. तरीही हे मीच लिहायला हवं, कारण त्या सभेत हे कोणी बोललं नाही.

साहेब मूळचे खडकीचे. वडील दारूगोळा कारखान्यात कामाला, घर मेथडिस्ट या प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथाचं, मराठी बोलणारं. १९६२ च्या चीन युद्धानंतर गावोगावची पोरं भरती झाली त्यात हेही मॅट्रिक होऊन भरती झाले, ते घराशेजारच्याच बॉम्बे सॅपर्समध्ये. सॅपर म्हणजे पूल बांधणारा, रस्ता करणारा, सुरुंग पेरणारा आणि काढणारा शिपाई. याच पलटणीचे रामा राघोबा राणे. १९४८ च्या एप्रिलमध्ये नौशेराहून राजौरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर गोळीबार चालू असताना त्यांनी सुरुंग आणि अडथळे काढून रणगाड्यांना वाट करून दिली, त्यासाठी त्यांना परमवीर चक्र मिळालं. राण्यांचा फोटो साहेबांच्या बाहेरच्या खोलीत शेवटपर्यंत होता. स्वतःबद्दल मात्र ते फार बोलत नसत. १९७१ ला पश्चिम सीमेवर होते, एवढं सगळ्यांना माहीत होतं. युद्ध दोन आठवड्यांत संपलं, पण पेरलेले सुरुंग शेतांत तसेच राहिले, आणि ते काढायचं काम पुढे कित्येक महिने चाललं. पोटावर पडून, सळई तिरकी धरून, वीतभर वीतभर जमीन टोचत पुढे सरकायचं. सळई सरळ खाली घातली तर सुरुंगाच्या माथ्यावरच दाब येतो, म्हणून तिरकी. त्या कामात त्यांच्या तुकडीतला एक सोबती गेला. त्या शेतकऱ्यांना पुढच्या पेरणीला जमीन मोकळी मिळाली, याचं त्यांना पदकांपेक्षा जास्त समाधान होतं, असं ते मला एकदा म्हणाले होते.

पंधरा वर्षांची नोकरी करून ते हवालदार म्हणून बाहेर पडले आणि माजी सैनिकांच्या कोट्यातून एका राष्ट्रीयीकृत बँकेत क्लार्क लागले. परीक्षा देत देत अधिकारी झाले. वहिनी वाईच्या मिशन दवाखान्यात नर्स होत्या, म्हणून त्यांनी बदल्या या जिल्ह्यातच मागून घेतल्या.

मी बँकेत आले ती अनुकंपा तत्त्वावर. यजमान त्याच बँकेत होते, अचानक गेले. पदरात दोन लहान मुलं. खंडाळा-लोणंद पट्ट्यातल्या एका शाखेत रुजू झाले तेव्हा साहेब तिथे मॅनेजर. पहिल्या दिवशी त्यांनी सांत्वनाचं एक वाक्यही म्हटलं नाही. नोटांचं बंडल हातात दिलं आणि कसं मोजायचं ते दाखवलं. म्हणाले, “बाई, मोजताना कुणी हाक मारली तरी ओ द्यायची नाही. मॅनेजरने मारली तरी नाही.” मला ते तेव्हा कोरडं वाटलं. पण त्या महिन्याच्या शेवटी वहिनी घरी आल्या. मुलांच्या शाळेची चौकशी केली, घरात डाळ-तांदूळ काय आहे ते सहज बोलता बोलता पाहून गेल्या. पुढच्या महिन्यात पुन्हा आल्या, आणि मग येतच राहिल्या. त्यांच्या येण्यामागे एक जुनी रीत आहे, हे मला पुष्कळ नंतर कळलं.

ते दिवस एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाच्या कर्जांचे. म्हैस, शेळ्या, शिलाई मशीन. अर्धं गाव कर्जदार आणि त्यातलं बरंचसं थकबाकीदार. काही म्हशी कागदावरच्या, एकच म्हैस तीन गोठ्यांत दाखवलेली. वरून वसुलीचा तगादा. साहेबांच्या आधी वसुली म्हणजे जीप घेऊन जायचं, चावडीत चारचौघांत नाव घ्यायचं, भांडी उचलायची धमकी द्यायची. साहेबांनी जीप बंद केली. बँक सुटल्यावर मोटरसायकलवर निघायचे, कधी कधी पासबुकं भरायला मला किंवा शिपायाला बरोबर घ्यायचे. थकबाकीदाराच्या घरी गेलं की आधी बसायचं. पाणी मागून प्यायचं. पैशाचा विषय सगळ्यात शेवटी काढायचा. पोरगी कुठे दिली, विहिरीला पाणी किती, म्हाताऱ्याचा दमा कसा आहे. पंधरा रुपये मिळाले तरी पंधरा रुपयांची पावती फाडायची. आणि पुढच्या आठवड्यात त्याच वारी परत जायचं.

एका बाईची म्हैस पावसाळ्यात मेली. विमा होता, पण दाव्यासाठी कानातला बिल्ला जोडावा लागतो. बिल्ला नाही तर दावा नाही. घरच्यांनी म्हैस बिल्ल्यासकट ओढ्याकाठी पुरून टाकलेली. बाई रडत शाखेत आली, कर्ज डोक्यावर आणि दूध बंद. साहेबांनी त्याच संध्याकाळी जाऊन फावडं मागितलं. तिच्या पोराला बरोबर घेऊन स्वतः खणलं आणि बिल्ला काढून आणला. दावा मंजूर झाला, कर्ज फिटलं, त्या बाईने दुसरी म्हैस घेतली आणि तिचे हप्ते कधी चुकले नाहीत. शोकसभेत ही गोष्ट दोघांनी सांगितली आणि दोघांनीही “शेवटी सॅपर ते सॅपरच” असं म्हणून संपवली. खणणं सॅपरचं खरंच. पण त्या बाईच्या दारात संध्याकाळी जाऊन उभं राहणं कुठून आलं?

हा प्रश्न मी त्यांना तेव्हाच विचारला होता. मला वाटलं होतं, येशूने सांगितलंय वगैरे काहीतरी म्हणतील. त्यांनी मला चक्क वसुलीचीच एक हकिकत सांगितली.

मेथडिस्ट पंथाचे मूळ पुरुष जॉन वेस्ली, इंग्लंडमधले, अठराव्या शतकातले. ब्रिस्टल गावात त्यांच्या अनुयायांनी प्रार्थनेसाठी इमारत बांधली आणि तिचं कर्ज झालं. ते फेडायचं कसं यासाठी १७४२ मध्ये बैठक बसली. कॅप्टन फॉय नावाच्या गृहस्थांनी सुचवलं, की प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी. कुणीतरी म्हणालं, पुष्कळांकडे तेवढीही नसते. तेव्हा फॉय म्हणाले, अशा गरिबांपैकी अकरा जण माझ्याकडे द्या, त्यांच्याकडे दर आठवड्याला मी जाईन, देतील ते घेईन, कमी पडेल ते माझ्या खिशातलं घालीन. मग बाराबारांचे गट झाले, प्रत्येकाला एक पुढारी. हे पुढारी पेनी गोळा करत घरोघर हिंडू लागले तेव्हा त्यांना घरातलं दिसायला लागलं : कुणी आजारी, कुणी दारूत बुडालेला, कुणाच्या घरात भांडण. ते येऊन वेस्लींना सांगू लागले. वेस्लींच्या लक्षात आलं की आपल्याला हवं होतं ते हेच. कर्जवसुलीसाठी केलेल्या गटांची पुढे साप्ताहिक बैठक झाली, तिला ‘क्लास’ म्हणायचे. एकमेकांची विचारपूस, चुकलं असेल ते कबूल करणं, प्रार्थना. मेथडिस्ट मंडळी वाढली ती या बैठकींवर.

“म्हणजे बाई,” साहेब म्हणाले, “आमच्या पंथात थकबाकी आधी आली आणि भेटीगाठी मागून. मी बँकेत नवीन काय करतोय?”

खडकीला त्यांच्या वडिलांकडे असाच एक गट होता, म्हणे. वडील पगाराच्या दिवशी संध्याकाळी कारखान्यातल्या ख्रिस्ती कामगारांच्या घरी जायचे, पगार गुत्त्यावर पोचायच्या आत. लहानपणी साहेब त्यांचं बोट धरून जायचे. वहिनी माझ्याकडे का येत होत्या ते मला त्या दिवशी समजलं. मी त्यांच्या धर्माची नव्हते आणि त्यांनी मला कधी चर्चला या असंही म्हटलं नाही. पण त्यांच्या हिशेबी मी त्या अकरांतली एक होते.

वेस्लींनी १७४६ मध्ये लंडनला एक लहानसा कर्जनिधी काढला होता, हेही साहेबांकडूनच ऐकलं. कारागिराला वीस शिलिंगपर्यंत उसने द्यायचे, त्याने आठवड्याच्या हप्त्याने तीन महिन्यांत फेडायचे. आमच्याकडे गरिबांना चार टक्के व्याजाने लहान कर्ज देणारी डीआरआय योजना १९७२ पासून होती, पण बरेच मॅनेजर तिच्या वाटेला जात नसत. रक्कम लहान, कागद तेवढेच, वर जाऊन सांगायला आकडाही मोठा नाही. साहेबांनी ती योजना बाजारातल्या भाजीवाल्या बायका, चपला शिवणारे, सायकल दुरुस्तीवाले यांच्यासाठी मनापासून वापरली. पुढे बचत गट आले तेव्हा आमच्या शाखेला काही शिकवावं लागलं नाही. बारा-पंधरा बायका, दर आठवड्याला बैठक, वहीत नोंद, एकमेकींची जामीनकी. साहेबांना तर ते घरचंच वाटलं असणार.

पैशाबद्दल त्यांचे तीन नियम होते, तेही वेस्लींच्या एका प्रवचनातले : सचोटीने मिळेल तेवढं मिळवा, राखता येईल तेवढं राखा, देता येईल तेवढं द्या. पहिले दोन ते ग्राहकांना सांगत. तिसरा कुणाला सांगत नसत, स्वतः पाळत. पलटणीची पेन्शन आणि बँकेचा पगार, दोन्हींचा दशमांश बाजूला निघायचा. त्यातला थोडा चर्चच्या थैलीत आणि बाकीचा फीच्या पावत्यांत. पावत्या कुणाच्या ते मी लिहिणार नाही. त्यातली काही मुलं आज चांगल्या हुद्द्यावर आहेत, त्यांनी सांगायचं तर सांगावं.

दारूचं एक सांगते, कारण ते सोपं नव्हतं. माजी सैनिकाला लष्करी कॅन्टीनमधून सवलतीच्या दारूचा कोटा मिळतो. मॅनेजर म्हणून गावात राहणाऱ्या माणसाकडे तो कोटा किती जण मागत असतील याची कल्पना करा. मोठे ठेवीदार मागायचे, पुढारी मागायचे, एकदा तर तपासणीला आलेल्याने मागितला. साहेबांनी तो आयुष्यात एकदाही उचलला नाही, स्वतःसाठी नाही आणि दुसऱ्यासाठीही नाही. मेथडिस्टांमध्ये दारू वर्ज्य मानतात. कुणाला उपदेश न करता ते “मी घेत नाही आणि देत नाही” एवढंच म्हणायचे आणि चहा मागवायचे. त्यापायी काही ठेवी दुसऱ्या बँकेत गेल्या. त्या वर्षी त्यांचं ठेवींचं उद्दिष्ट पुरं झालं नाही आणि त्यांनी त्याचं कारण कुणावर ढकललं नाही.

साताऱ्यात मिशनचं काम १८४९ पासूनचं, पण ते अमेरिकन मराठी मिशनचं. ती मंडळी १९७० मध्ये नागपूरला स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात गेली. साहेबांचं मेथडिस्ट चर्च त्या एकीकरणात आलं नाही, १९८१ मध्ये ते मेथडिस्ट चर्च इन इंडिया या नावाने स्वायत्त झालं. हे भेद आपल्याला बाहेरून कळत नाहीत आणि साहेबही त्यांचा बाऊ करत नसत. एरवीच्या रविवारी ते इथल्याच चर्चमध्ये उपासनेला जायचे, सतरंज्या घालायला सगळ्यांत आधी. पण सभासदत्व पुण्याला, लष्कर भागातल्या मेथडिस्ट चर्चमध्ये. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन, म्हणजे भाकरी आणि द्राक्षरसाचा विधी, त्यासाठी पहाटेची एसटी पकडून खंबाटकी उतरून पुण्याला जायचे आणि दुपारच्या गाडीने परत. ३१ डिसेंबरची रात्रही तिथेच. आपल्याकडे त्या रात्री जे चालतं ते चालतं, हे लोक मध्यरात्रीपर्यंत प्रार्थनेत बसतात. नव्या वर्षाच्या सुरुवातीला त्यांची कराराची उपासना असते. वेस्लींनी १७५५ पासून ती रीत घातली. तिच्यात माणूस देवाला सांगतो की मला कामाला लाव किंवा बाजूला ठेव, भरलेला ठेव किंवा रिकामा ठेव, मी तुझाच. साहेब मोठ्या शाखेच्या बढतीतून वगळले गेले त्या वर्षी मी कळवळून काही बोलले, तेव्हा त्यांनी मला हीच प्रार्थना मराठीत म्हणून दाखवली होती. पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही.

पालखीच्या दिवसांत आमची शाखा वेगळीच असायची. माउलींची पालखी नीरा ओलांडून जिल्ह्यात येते, लोणंदचा मुक्काम, मग तरडगावच्या वाटेवर चांदोबाचा लिंब, तिथलं उभं रिंगण. साहेब आठवडाभर आधी सुट्या नाण्यांच्या थैल्या मागवून ठेवायचे, फुलवाल्या, चहावाल्या, बुक्क्याचे पुडे विकणाऱ्या बायका यांना मोडीसाठी दारोदार फिरावं लागू नये म्हणून. शाखेमागची मोकळी जागा वारकऱ्यांना उतरायला, पाण्याचे पिंप भरलेले. माझी आई दिंडीत असायची. तिने त्यांना वाकून नमस्कार केला तर ते मागे सरले आणि त्यांनीच तिला केला. आई त्यांना शेवटपर्यंत “तुझा ख्रिस्ती माळकरी” म्हणत होती.

ती म्हणायची त्यात तथ्य होतं. दफनाच्या दिवशी पेटी-तबल्यावर जी गीतं झाली त्यांतली दोन रेव्हरंड टिळकांची, अभंगाच्या चालीवरची. नारायण वामन टिळक १९१७ मध्ये साताऱ्यालाच येऊन राहिले होते, इथेच त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला आणि दोन वर्षांनी मुंबईला वारले. साहेबांना टिळकांची पदं तोंडपाठ होती आणि त्यांच्याबरोबर वेस्लींच्या धाकट्या भावाची, चार्ल्स वेस्लींची, मराठीत आलेली गीतंही. त्या दिवशी त्यांचे पलटणीतले सोबती टोप्या घालून, छातीवर पदकं लावून एका बाजूला उभे होते. साहेबांची पश्चिमी स्टार आणि संग्राम पदकं धाकट्या मुलीने हातात धरली होती. पाळकांनी प्रार्थना मराठीत केली. एका फलटणच्या सुभेदारांनी शेवटी ‘छत्रपती शिवाजी महाराज की जय’ म्हटलं आणि चर्चच्या मंडळींनी त्यांना जोरात साथ दिली. हे आपल्या जिल्ह्याचं चित्र आहे आणि ते छापून यायला हवं, असं मला फार वाटतं.

आता ज्यासाठी मुख्यतः लिहिते आहे ते.

साहेब २००५ मध्ये निवृत्त झाले. तेव्हापासून दर शनिवारी सकाळी इथल्या चर्चच्या ओसरीवर एक टेबल, दोन खुर्च्या आणि एक बाक टाकून ते बसायचे. माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवा यांचे पेन्शनचे कागद पाहून द्यायचे. सातारा हा सैनिकांचा जिल्हा. एकट्या अपशिंग्याने पहिल्या महायुद्धात ४६ माणसं गमावली, देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ मध्ये इथे निघाली. पण पेन्शनीचा कागद वाचता न येणाऱ्या बायकाही याच जिल्ह्यात आहेत, माणमध्ये, खटावात, पाटणच्या वाड्यांवर. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे, त्याचा आधार मोठा आहे. परंतु एकेका बाईजवळ अर्धा-अर्धा तास बसून तिची पिशवी उलटी करून कागद लावायला माणसं लागतात.

अडचण बहुतेक वेळा नावाची असते. नवरा भरती झाला तेव्हा किंवा लग्नानंतर पलटणीत बायकोचं नाव लागलं ते माहेरचं. गावात ती सासरच्या नावाने ओळखली जाते, आधार कार्डावर तेच. तो वारला की कागदावर दोन नावांच्या दोन बायका उभ्या राहतात आणि कुटुंब निवृत्तिवेतन अडकतं. काहींचं नावच नोंदलेलं नसतं. मग प्रतिज्ञापत्र, ग्रामपंचायतीचा दाखला, जोडीचा फोटो आणि अर्ज थेट त्या पलटणीच्या अभिलेख कार्यालयाकडे : मराठा लाइट इन्फन्ट्री असेल तर बेळगाव, महार रेजिमेंट असेल तर सागर, सॅपर्स असतील तर खडकी. चुकीच्या पत्त्यावर गेलेला अर्ज वर्षभर हिंडतो. दुसरं जन्मतारखेचं. वयाची ८० वर्षं पूर्ण झाली की मूळ पेन्शनवर २० टक्के वाढ मिळते, ८५ ला ३०, ९० ला ४०, आणि ती कुटुंब निवृत्तिवेतनालाही लागू आहे. जन्मतारीख नोंदलेली नसली तर वाढ लागत नाही आणि म्हातारीला आपल्याला काही मिळायचं होतं हे कळतही नाही. साहेबांनी अशा किती जणींचे फरक मिळवून दिले ते त्यांच्या वह्यांत आहे.

अलीकडे संरक्षण खात्याची पेन्शन स्पर्श या संगणकीय व्यवस्थेत गेली. सोय चांगली, पण हयातीचा दाखला दरवर्षी वेळेत गेला नाही तर पेन्शन थांबते. आयुष्यभर खुरपं धरलेल्या बोटांचे ठसे यंत्रावर उमटत नाहीत. त्यासाठी आता मोबाईलवर चेहरा दाखवून दाखला काढता येतो. साहेब वयाच्या पंचाहत्तरीनंतर नातीकडून ते शिकले आणि दर नोव्हेंबरात ओसरीवर रांग लागायची. चहा चर्चच्या बायका द्यायच्या. आठवड्याने ते पुन्हा फोन करून विचारायचे, “पैसे आले का?” आणि त्याच्या जोडीला, “गुडघा कसा आहे?”

टेबल आता मी चालवते, साहेबांच्या धाकट्या मुलीच्या मदतीने. पाळकांनी जागा तशीच ठेवू दिली आहे. पण माझ्याने एकटीने होत नाही आणि नोव्हेंबर आला की मुळीच होणार नाही. सातारा, कराड, फलटण, वाई इथे बँकांतून निवृत्त झालेली किती तरी माणसं आहेत. व्याजाचं गणित येतं, अर्ज लिहिता येतो, वरच्या कार्यालयाला कसं पत्र घालावं हे ठाऊक आहे. त्यांनी महिन्यातला एक शनिवार द्यावा. ज्यांना आपल्या गावातच देवळाच्या, मशिदीच्या किंवा बुद्धविहाराच्या ओसरीवर असं टेबल टाकायचं असेल त्यांना मी साहेबांच्या वह्या दाखवीन. त्यांत कोणत्या अडचणीला कोणता अर्ज, कुठे पाठवायचा, सोबत काय जोडायचं, हे त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहून ठेवलं आहे.

आणि ज्या भगिनींना यायचं आहे त्यांच्यासाठी : पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), नवऱ्याचं डिस्चार्ज बुक, मृत्यूचा दाखला, स्वतःचं आधार कार्ड, बँकेचं पासबुक आणि आधारला जोडलेला मोबाईल एवढं घेऊन यावं. शक्यतो स्वतः यावं, नुसतं मुलाला पाठवू नये, कारण दाखल्यासाठी चेहरा तुमचाच लागतो. कागदांच्या छायाप्रती इथेच काढून देऊ. डिस्चार्ज बुक घडीवर फाटलं असेल तर त्याला चिकटपट्टी लावू नका, ती काढताना अक्षरं निघून येतात. तसंच प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणा.

आपली,
एक निवृत्त हेड कॅशियर,
सदर बझार, सातारा